दहा लाखांची रेघ: सोलापुरात न आलेल्या दुकानाचा इतिहास

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं शीर्षक होतं, ‘परदेशी रिटेल साखळ्यांचा सोलापूरच्या किराणा व्यापारावर परिणाम’. गाइडनी ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "आली कुठं ती साखळी?" उत्तर नव्हतं. पण त्या प्रश्नानंच माझा विषय मला सापडला. तुम्ही विषय शोधत असाल तर ही गोष्ट उपयोगी पडेल.

२० सप्टेंबर २०१२ रोजी केंद्र सरकारनं मल्टिब्रँड रिटेलमध्ये, म्हणजे एकाच छताखाली अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली. अटी बऱ्याच होत्या. किमान १० कोटी डॉलर आणायचे, त्यातले निम्मे गोदामं, शीतगृहं अशा मागच्या व्यवस्थेत घालायचे, तयार मालाची ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची. राज्याची संमतीही हवी होती. महाराष्ट्रानं ती दिली होती. आणि दुकान फक्त १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरात, तेही २०११च्या जनगणनेप्रमाणे.

आता सोलापूर महापालिकेचा आकडा बघा: ९ लाख ५१ हजार. रेघ थोडक्यात हुकली! पुणे, नाशिक, औरंगाबाद आत, सोलापूर बाहेर.

इथं थांबून ‘का?’ विचारायचं. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती. म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम ९ टक्के. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या तोवर बंद पडल्या होत्या. गिरण्या बंद होणं आणि शहराची वाढ मंदावणं यांचा संबंध किती, हे सिद्ध करावं लागेल. नुसतं एकापुढं एक मांडलं म्हणजे कारण होत नाही. आणखी एक सावधगिरी: लोकसंख्या ही हद्दीवरही ठरते. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द सोलापूरकराला नवा नाही. त्यामुळं १९९१ आणि २००१चे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका.

पुढची गंमत अशी की या धोरणात सोलापूरचे दोन हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे राहतात. मधल्या मारुतीजवळच्या किराणावाल्याला ही रेघ म्हणजे संरक्षण. पण पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याचं काय? सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. मोठ्या साखळीला ३० टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यावा लागला, तर टॉवेलला मोठं गिऱ्हाईक मिळू शकलं असतं, मग दुकान पुण्यात का असेना. म्हणून ‘सोलापूरचं मत’ असं एकच काही नसतं. प्रबंधात ‘शहर’ हा शब्द लिहिताना दरवेळी विचारा, शहरातलं कोण?

ऑगस्ट २०१३ मध्ये नियम सैल झाला आणि १० लाखांखालची शहरंही निवडायची मुभा राज्यांना मिळाली. रेघ पुसट झाली, तरी गर्दी काही झाली नाही. या वाटेनं आलेलं ठळक नाव ब्रिटनच्या टेस्कोचं. २०१४ मध्ये तिनं टाटांच्या ट्रेंटबरोबर भागीदारी केली. वॉलमार्टनं ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीशी फारकत घेऊन घाऊक व्यापारच धरून ठेवला. फ्रान्सच्या कारफूरनं २०१४ मध्ये काढता पाय घेतला.

मग २०१८ मध्ये वॉलमार्टनं सुमारे १६ अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. ई-कॉमर्सचे नियम वेगळे, तिथं शहराच्या लोकसंख्येची अटच नाही. पार्सलला फक्त पिनकोड लागतो. जी कंपनी दुकान थाटून सोलापुरात आली नाही, ती खोक्यातून घरोघर पोचली.

माझा आताचा प्रश्न असा आहे: दुकानासाठी आखलेली रेघ बाजार बदलल्यावर कुणाच्या कामाची उरते? यासाठी धोरणाची परिपत्रकं, जनगणनेचे तक्ते आणि व्यापारी व यंत्रमागधारक या दोघांच्याही मुलाखती लागतील. एकाच बाजूच्या मुलाखती घेतल्या, तर निष्कर्ष आधीच ठरलेला असेल.

तेव्हा ‘काय घडलं’ इतकंच ‘काय घडलं नाही’ हेही तपासा. न घडलेल्या गोष्टींचीही कागदपत्रं असतात.