परवान्याचा कागद आणि धर्मग्रामाची साक्ष

धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या धर्मगुरूच्या हातून किती दाखले लिहिले जातात, याची गणना नाही. स्नानसंस्काराचा दाखला, विवाहाचा दाखला, वर्तणुकीचे पत्र. शिक्का उमटविताना त्या कागदाचे पुढे काय होणार, याचा विचार आम्हीही क्वचितच करतो. परंतु अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासात असा एक काळ येऊन गेला की, धर्मग्रामाच्या एका पत्रावर कित्येक कष्टकरी कुटुंबांची भाकर अवलंबून होती. आपल्याही घरांतील मुले आज परदेशात परवान्यांच्या मुदती मोजत आहेत; म्हणून तो इतिहास येथे मांडावासा वाटतो.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याने बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरविला. मात्र त्याच कायद्यात एक पुस्ती जोडली होती. अशा माणसाला कामावर ठेवणे म्हणजे त्याला आसरा देणे नव्हे! टेक्सासमधील शेतमालकांच्या हिताची ही सवलत ‘टेक्सास प्रोव्हायझो’ या नावाने ओळखली गेली. राबवून घेणारा निर्दोष आणि राबणारा अपराधी, असा हा न्याय तीन दशकांहून अधिक काळ चालला.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि चित्र पालटले. यापुढे प्रत्येक मालकाने नव्या कामगाराची ओळख व काम करण्याचा हक्क कागदोपत्री तपासावा, अन्यथा दंड भरावा, असे ठरले. काम करण्याचा परवाना हा त्या दिवसापासून परदेशी कामगाराच्या चुलीशी जोडला गेला. त्याच कायद्याने दुसरे दारही उघडले. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून सतत वास्तव्य करणाऱ्यांना कायदेशीर होण्याची संधी मिळाली. अर्जाची मुदत ५ मे १९८७ ते ४ मे १९८८, अवघी एक वर्षाची. शेतमजुरांसाठी वेगळी योजना होती.

पण अर्ज न्यायचा कोठे? ज्या खात्याच्या शिपायांना चुकवून माणसे वर्षानुवर्षे जगली, त्याच खात्याच्या दारात आपले नाव-पत्ता घेऊन जायचे? ही भीती कायदा करणाऱ्यांनीही ओळखली होती. म्हणून स्वयंसेवी संस्थांना अर्ज स्वीकारण्याचा अधिकार देण्यात आला, आणि त्यांच्याकडील कागद अर्जदाराच्या संमतीवाचून सरकारने पाहू नयेत, असे बंधन घातले गेले. कॅथलिक धर्मप्रांतांनी या कामाचा मोठा भार उचलला. चर्चच्या सभागृहांत मेजे मांडली गेली. धर्मभगिनी व प्रापंचिक अर्ज भरून देऊ लागले.

खरी कसोटी पुराव्याची होती. जो माणूस लपून राहिला, त्यानेच आपल्या राहण्याचा पुरावा आणायचा! घरभाड्याच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, मुलांचे शाळेतील दाखले, जे हाती लागेल ते. चर्चचे पत्रही ग्राह्य होते. मात्र नियम काटेकोर होते. पत्रावर संस्थेचा शिक्का हवा, सभासदत्वाच्या तारखा हव्यात, अर्जदाराचा पत्ता हवा. शिवाय पत्र लिहिणारा त्याला कसा ओळखतो व माहिती कोठून मिळाली, हेही सांगावे लागे. केवळ सद्भावनेला तेथे किंमत नव्हती. साक्ष पाहिजे होती.

अर्ज दाखल होताच कामाचा तात्पुरता परवाना मिळे. पुढे तात्पुरते वास्तव्य, आणि त्यानंतर कायम वास्तव्यासाठी दुसरा अर्ज. तो मुदतीत न केल्यास मिळविलेले सारे हातचे जाई. अखेर सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. तरीही अनेक घरांत बापाला कागद मिळाला आणि उशिरा आलेल्या आईला नाही. १९९० साली आधी सरकारी धोरणाने व मग नव्या कायद्याने अशा पती-पत्नींना व मुलांना संरक्षण आणि कामाचा परवाना मिळाला.

मुदत संपली, गरज संपली नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील बिशपांनी ‘कॅथलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क’ ही संस्था स्थापन केली. धर्मप्रांतांच्या मदतकेंद्रांना कायद्याचे शिक्षण व सल्ला देणे, हे तिचे काम. अशा मान्यताप्राप्त केंद्रांत वकील नसलेली व्यक्तीही सरकारची परवानगी मिळवून अर्जदाराची बाजू मांडू शकते. याचे मोल फार आहे. कारण तेथे इमिग्रेशनच्या खटल्यात सरकार आपल्या खर्चाने वकील देत नाही.

जेथे गरज, तेथे लुबाडणारेही जमतात. लॅटिन अमेरिकेत ‘नोतारियो’ म्हणजे कायद्याचा जाणकार अधिकारी. अमेरिकेतील नोटरी प्रामुख्याने सहीची ओळख पटवितो. या नामसाम्याचा फायदा घेऊन भोंदूंनी अनेकांचे पैसे आणि भवितव्य बुडविले. गोव्यातील वाचकांना हा फरक चटकन उमगेल. तेथे पोर्तुगीज परंपरेतून आलेली नोटरीची व्यवस्था सरकारी असून वारसाचे दस्त तिच्यासमोर होतात. १९८६ च्या शेतमजूर योजनेतही खोटी प्रमाणपत्रे विकणारे निघाले, आणि त्यांच्यामुळे खऱ्या मजुराकडेही संशयाने पाहिले गेले.

हे लिहिताना एक प्रसंग आठवतो. परदेशी नोकरीसाठी एका तरुणाला आमच्याकडून पत्र हवे होते. दोन वर्षांच्या सेवेची त्याला पाच वर्षे करून हवी होती. “फादर, एवढ्याने कोणाचे काय बिघडणार?” असे त्याने विचारले. आम्ही नकार दिला, तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होते. आम्हालाही त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून दोन वर्षांचेच पत्र तपशीलवार लिहून दिले: त्याने काय केले, आम्ही ते कसे पाहिले.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना पालकांनी एवढे अवश्य कळवावे: प्रत्येक पावती जपा, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी करा, अधिकृत सल्लागाराकडेच जा. अमेरिकेत नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना अनेकांच्या परवान्याला ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत बहुतांशी राहिलेली नाही. आणि आमच्या धर्मगुरुबंधूंना विनंती, की शिक्का हाती घेण्यापूर्वी नोंदवही एकदा उघडून पाहावी.