ताकद डिझेलची की हवेची?

ट्रकची पॉवर वाढवायची म्हटलं की आधी सुचतं काय, तर डिझेल जास्त सोडा. पण ते जळायला हवा नको का? हवा कमी पडली, की अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं.

यावर तोड काढली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने. वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्याच जोरावर इंजिनात जास्त हवा दाबायची. हाच टर्बो! पेटंट १९०५ चं. १९२० च्या दशकात जर्मन जहाजांवर १७५० हॉर्सपॉवरची इंजिनं टर्बोमुळे २५०० वर गेली.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सची टर्बो डिझेल गाडी सगळ्यांत पुढून सुटली. पण ट्रॅकवरचे टायरचे रबरी तुकडे हवेच्या तोंडात अडकले आणि ७१ फेऱ्यांनंतर खेळ खल्लास. डिझेल होतं, हवा नव्हती!

दोनच वर्षांनी व्होल्वोच्या टायटन ट्रकचं इंजिन टर्बोमुळे १५० वरून १८५ हॉर्सपॉवरवर गेलं.

म्हणून सांगतो, नुसता पंप वाढवून काळा धूर काढणाऱ्या ट्रकला दमदार समजू नका. बिचाऱ्याला धाप लागलेली असते!