बिअरला संत्र्याची चव कशी येते? रसाने नाही, सालीने!

'घरच्या घरी बनवा ऑरेंज बिअर' अशी रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. काचेची मोठी बरणी, त्यात संत्र्याच्या फोडी, वर पांढरा फेस. मानखुर्दमध्ये राहणाऱ्यांना तर संत्री शोधायला लांब जावं लागत नाही. हार्बर लाइनवर खाडी ओलांडली की पुढचं स्टेशन वाशी आणि तिथून जवळच एपीएमसीचं फळ मार्केट. पण ही रील्स दोन गोष्टी सहसा सांगत नाहीत. एक, संत्र्याची चव फोडींतून येत नाही. दोन, मानखुर्दमध्ये हा प्रयोग केला तर तो गुन्हा ठरतो.

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येते का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कैद व दंडाची तरतूद आहे. विकायची नसेल, फक्त स्वतःसाठी बनवली असेल, तरीही परवाना लागतोच. ताजी बिअर बनवून तिथेच देणाऱ्या मायक्रोब्रुअरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन चालतात. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली 'दूलाली' ही त्यातली सुरुवातीची. राज्यात बिअर पिण्यासाठी किमान वय 21 आहे.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर बिअर स्वतःसाठी करमुक्त बनवायची मुभा दिली. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचा व्हिडिओ पाहून इथे बरणी भरायला घेऊ नका.

रस घातला तर काय होतं?

संत्र्याच्या रसाचा गोडवा साखरेचा असतो. बिअरमधलं यीस्ट ही साखर खाऊन तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. गोडवा संपतो, आंबटपणा तेवढा उरतो आणि बिअर पाणचट लागते. बाटली भरताना रस घातला तर आणखी धोका. बंद बाटलीत साखर आंबत राहते, वायूचा दाब वाढतो आणि बाटली फुटू शकते.

मग चव असते कुठे?

संत्र सोलताना बोटांवर जे बारीक फवारे उडतात, तिथे. सालीच्या रंगीत थरात तेलाच्या पिशव्या असतात. या तेलात सर्वाधिक प्रमाण लिमोनिन या सुगंधी द्रव्याचं असतं. साखर नसल्यामुळे यीस्ट ते खाऊन संपवत नाही, पण उकळताना वाफेबरोबर ते उडून जातं. म्हणून साल सुरुवातीला घालत नाहीत. जिथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे, तिथली सर्वसाधारण पद्धत अशी:

• 20 लिटरसाठी तीन-चार संत्र्यांची फक्त रंगीत साल किसून घ्यायची किंवा 15 ते 30 ग्रॅम वाळवलेली साल.
• उकळण्याच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत ती घालायची.
• वास जास्त हवा असेल तर किसलेली साल दोन-तीन दिवस थोड्या व्होडकात भिजवायची आणि तो अर्क आंबणं संपल्यावर मिसळायचा.
• सालीखालचा पांढरा भाग आणि बिया टाळायच्या. कडूपणा तिथून येतो.
• फळाला मेण लावलेलं असेल तर ते कोमट पाण्यात चोळून धुवायचं.

नागपुरी संत्र चालेल का?

चालेल, पण चव वेगळी येईल. परदेशी कृतींमधलं 'ऑरेंज' म्हणजे बहुतेकदा गोड संत्र, जे आपल्या मोसंबीचं जवळचं नातेवाईक आहे. नागपुरी संत्र मँडरिन गटातलं. त्याची साल सैल आणि पातळ, वास जास्त फुलांसारखा. पांढरा भाग कमी, त्यामुळे कडूपणाही कमी. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचे दोन मुख्य बहार असतात. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरनंतर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये.

बिअरमध्ये संत्र्याची साल घालायची पद्धत बेल्जियमची. तिथली गव्हाची 'विटबिअर' जवळजवळ नामशेष झाली होती. पियेर सेलिस यांनी 1966 मध्ये हूगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. तिच्यात कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि चक्क आपल्या फोडणीच्या डब्याशेजारी असणारे धणे पडतात! धण्यांच्या वासामुळे संत्र्याचा वास अधिक उठून दिसतो.

देशी 'संत्रा' म्हणजे हेच का?

नाही. देशी दारूच्या दुकानात मिळणारी 'संत्रा' म्हणजे मद्यार्कात पाणी आणि स्वाद मिसळून केलेली दारू. तिचा बिअरशी संबंध नाही.

'घरची आहे' म्हणून कुणी देत असेल तर?

घेऊ नका. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा जीव घेतला. त्या दारूत मिथेनॉल होतं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये इतकं मिथेनॉल तयार होत नाही. पण लेबल नसलेल्या बाटलीत नेमकं काय आहे, हे चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. वरून संत्र्याचा वास असेल तर आणखीच कठीण.

मानखुर्दमध्ये काय करता येईल?

दुकानातून रीतसर घेतलेली गव्हाची बिअर, किंवा अल्कोहोल नको असेल तर नॉन-अल्कोहोलिक बिअर ग्लासात ओता. धुतलेल्या संत्र्याच्या सालीचा तुकडा त्यावर धरून पिळा, रंगीत बाजू ग्लासाकडे ठेवून. तेलाचा फवारा फेसावर बसेल आणि पहिल्या घोटाआधीच संत्र्याचा वास येईल. त्यासाठी बरणी लागत नाही. आणि उरलेल्या फोडी? त्या तशाच खा.