‘मिल’ या शब्दाविषयीं

सोलापुरांत ‘मिल’ म्हटलें कीं कापडच डोळ्यांपुढें येतें. १८७७ सालीं येथें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढें दुसऱ्या निघाल्या, तेव्हां लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. पण मूळ इंग्रजी शब्दांत ना सूत आहे, ना कापड. लॅटिन भाषेंत ‘मोला’ म्हणजे जात्याचा दगड. त्यापासून ‘मोलिना’, आणि तेथून ‘मिल’. दाढेला इंग्रजींत ‘मोलर’ म्हणतात, तीही याच घरची.

मग दळण्याच्या शब्दाला कापड चिकटलें कसें? आमच्या मतें याचें उत्तर ओढ्याकांठीं सांपडतें. मध्ययुगीन इंग्लंडांत पाणचक्कीच्या चाकाला लांकडी मोगऱ्या जोडून त्यांच्या ठोक्यांनीं लोकरीचें विणलेलें कापड घट्ट करूं लागले. दळणें जाऊन कुटणें आलें, पण चाक तेंच राहिलें, म्हणून नांवही राहिलें. लांकूड चिरण्याची मिल, कागदाची मिल या त्याच चाकाच्या लेकी. १७७१ सालीं आर्कराइटनें क्रॉमफर्ड येथें पाण्याच्या जोरावर सूत कातण्याचा कारखाना काढला, तेव्हां हा शब्द त्यासाठीं तयारच होता. पुढें वाफ आली आणि पाण्याचें चाक गेलें, तरी शब्द हलला नाहीं. १८१८ च्या सुमारास कबिटनें कैद्यांकडून पायऱ्या चढवून फिरविण्याची ‘ट्रेडमिल’ तुरुंगांत आणली. आज त्याच नांवाच्या यंत्रावर पैसे मोजून चालणाऱ्यांस हें ठाऊक नसलेलेंच बरें!

अमेरिकेंत डॉलरच्या हजाराव्या भागासही ‘मिल’ म्हणतात. तो शब्द मात्र ‘हजार’ या अर्थाच्या निराळ्या लॅटिन शब्दापासून आला. केवळ ध्वनिसाम्यावरून नातीं जुळविणाऱ्या आमच्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

पाण्यावर चालणारी चक्की महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हती. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की प्रसिद्धच आहे, आणि हिमरूसारखें नामांकित कापडही त्याच शहरांत मागावर विणलें जात असे. पण पाणचक्कीचें चाक मागाकडे वळलें नाहीं, आणि ‘चक्की’ हा शब्द पिठापाशींच राहिला. घरचें जातें तर बायकांच्या हातांतून सुटलेंच नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत कावसजी दावर यांनीं कापसाच्या गिरणीची कंपनी काढली. तेव्हांपासून यंत्रें विलायतेहून तयार होऊन येऊं लागलीं. त्यांना जात्याचें नांव शोभलें नसतें. ‘मिल’ हा शब्द यंत्रांबरोबरच बंदरावर उतरला, आणि मराठींत ‘गिरणी’ हा एकच शब्द पिठालाही लागला व कापडालाही. यांत भाषेची गरिबी पाहणारे आम्हांस पटत नाहींत. जी वाट चालावयास इंग्रजीला सहा शतकें लागलीं, ती मराठीला एका पिढींत चालावी लागली.

सोलापुरची जुनी मिल बंद पडून कित्येक दशकें लोटलीं. तिच्या भोंग्यावर घड्याळें लावणारी पिढीही विरळ झाली. त्या आवारांतील पत्त्यांत मात्र ‘जुनी मिल’ अजून लिहितात, आणि रिक्षावाल्यास तेवढें पुरतें.