पिएर-जिल द जेन
पिएर-जिल द जेन (२४ ऑक्टोबर १९३२, पॅरिस – १८ मे २००७, ओर्से) हे फ्रेंच सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रवस्फटिक, बहुवारिके (पॉलिमर) यांसारख्या मृदू पदार्थांच्या अभ्यासाला त्यांनी सैद्धांतिक बैठक मिळवून दिली. साध्या प्रणालींतील सुव्यवस्थेच्या अभ्यासासाठी विकसित झालेल्या पद्धती अधिक गुंतागुंतीच्या पदार्थांनाही लागू पडतात, या शोधासाठी त्यांना १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीचे ते एकमेव मानकरी होते.

शिक्षण व प्रारंभिक कारकीर्द
वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. १९५५ मध्ये एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेतून पदवी घेतल्यावर ते साक्ले येथील अणुऊर्जा केंद्रात रुजू झाले. तेथे त्यांनी चुंबकत्व व न्यूट्रॉन प्रकीर्णन या विषयांवर काम केले आणि १९५७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील बर्कली येथे चार्ल्स किटेल यांच्यासोबत संशोधन केले. फ्रेंच नौदलातील सक्तीची सेवा संपवून १९६१ मध्ये ते ओर्से येथे अध्यापक झाले. तेथे त्यांनी अतिसंवाहकतेवर संशोधन करणारा गट उभारला. १९७१ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली.

द्रवस्फटिकांवरील संशोधन
१९६८ च्या सुमारास द जेन द्रवस्फटिकांकडे वळले. नेमॅटिक द्रवस्फटिकातील लांबट रेणू सर्वसाधारणपणे एकाच दिशेला रोखलेले असतात. तरीही हा द्रव गढूळ दिसतो. रेणूंच्या दिशेत सतत होणाऱ्या चढउतारांमुळे प्रकाश विखुरतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. थरांची रचना असलेला स्मेक्टिक द्रवस्फटिक तयार होणे आणि धातूत अतिसंवाहकता अवतरणे या वरकरणी असंबद्ध घटनांचे गणित सारखे असल्याचे त्यांनी १९७२ मध्ये दाखवले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा द्रवस्फटिकांवरील ग्रंथ या विषयातील आधारग्रंथ मानला जातो.

बहुवारिकांवरील संशोधन
बहुवारिकाची लांब रेणुसाखळी स्वतःला छेदू शकत नाही. त्यामुळे द्रावणात ती किती जागा व्यापते हे ठरवणे अवघड होते. चुंबकीय प्रावस्था संक्रमणाच्या सिद्धांतात चुंबकनाच्या घटकांची संख्या शून्य मानल्यास हाच प्रश्न सोडवता येतो, असे त्यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले.

वितळलेल्या बहुवारिकात साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशा गुंत्यात प्रत्येक साखळी शेजाऱ्यांनी बनवलेल्या अदृश्य नळीतून सापासारखी सरपटत पुढे जाते, अशी कल्पना त्यांनी १९७१ मध्ये मांडली. या प्रतिमानानुसार साखळीची लांबी दुप्पट केल्यास तिला नळीतून बाहेर पडण्यास आठपट वेळ लागतो व द्रवाची श्यानताही आठपट वाढते. प्रयोगांत मात्र श्यानतेतील वाढ दहा पटींहून थोडी अधिक आढळते. ही तफावत भरून काढण्यासाठी पुढील संशोधकांना नळीच्या लांबीतील चढउतारांसारखे परिणाम विचारात घ्यावे लागले. मूळ कल्पना मात्र टिकून राहिली. मासाओ दोई व सॅम एडवर्ड्स यांनी १९७८ मध्ये तिचा विस्तार करून प्रवाहाचा सविस्तर सिद्धांत मांडला.

१९८० नंतर द जेन यांनी द्रव पृष्ठभागावर कसा पसरतो आणि चिकटद्रव्ये कशी कार्य करतात, याचा अभ्यास केला.

मृदू पदार्थ ही संकल्पना
१९९१ च्या नोबेल व्याख्यानाचे शीर्षकच त्यांनी 'मृदू पदार्थ' असे ठेवले होते. अल्पशा रासायनिक क्रियेने यांत्रिक गुणधर्मांत मोठा बदल होणे, हे अशा पदार्थांचे लक्षण त्यांनी रबराच्या उदाहरणाने स्पष्ट केले. ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासी झाडाचा चीक पायांना लावत आणि त्याचा बूट तयार होत असे. हवेतील ऑक्सिजनमुळे साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. मात्र सुमारे २०० कार्बन अणूंपैकी एकाच अणूशी ही क्रिया होते. तेवढ्याने द्रवाचे रूपांतर जाळीदार पदार्थात होते.

शैक्षणिक कार्य
१९७६ ते २००२ या काळात ते पॅरिसमधील औद्योगिक भौतिकी व रसायन महाविद्यालयाचे संचालक होते. याच संस्थेत मारी व पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध लावला होता. नोबेलनंतर त्यांनी सुमारे २०० माध्यमिक शाळांना भेटी देऊन विद्यार्थ्यांशी संवाद साधला. या संवादांवर आधारित पुस्तक १९९४ मध्ये प्रकाशित झाले. अखेरच्या वर्षांत क्युरी संस्थेत त्यांनी पेशींचे परस्परांना चिकटणे व मेंदूचे कार्य या विषयांवर काम केले.

प्रमुख सन्मान
फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राचे सुवर्णपदक (१९८०)
लोरेन्ट्झ पदक (१९९०)
वुल्फ पारितोषिक (१९९०)
नोबेल पारितोषिक (१९९१)