मानेजवळची लोकर

जून १८७१. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, शेटलंडमधल्या अन्स्ट बेटावर, दगडी कुंपणाच्या आत तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. पुढ्यात एक लहानखुरी मेंढी आडवी धरली आहे. कात्री मागू नका. या दिवसांत इथली मेंढी जुनी लोकर आपणहून सोडू लागते. चिमटीत धरून हलकेच ओढली की ती सुटून येते. कापलेलं बोथट टोक राहत नाही, म्हणून विणलेलं कापड अंगाला मऊ लागतं. थोड्याच वेळात बोटं मेणचट होतात.

मानेजवळची लोकर मात्र वेगळ्या टोपलीत ठेवा. सगळ्यात तलम तीच. लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढली जाणारी लेसची शाल तिचीच होते.

गावात पुरुष फार दिसणार नाहीत. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन ते दूर समुद्रात मासेमारीला गेलेत. शेत, गाय, जळण आणि लोकर हे सगळं बायकांच्या अंगावर.

आता हिवाळ्यात या. दुपारी तीनलाच अंधारतं. चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेलं जळण, धुमसतंय, माशाच्या तेलाचा दिवा मिणमिणतोय आणि शेजारणी आपापल्या फण्या घेऊन पिंजायला जमल्यात. फणी म्हणजे मुठीची लाकडी फळी. तिच्या एका अंगाला चामड्यात रोवलेले बारीक तारांचे दात. लोकरीला माशाच्या तेलाचा हात लावलेला असल्यामुळे घरभर उग्र वास आहे.

एका फणीवर काळी लोकर पसरा, तिच्यावर पांढरी. दुसरी फणी वरून ओढा. आधी नुसते पट्टे दिसतात. आणखी चारपाच हात मारले की पट्टे विरतात आणि राखाडी रंग उतरतो. पांढऱ्यात ‘मूरिट’ म्हणजे तांबूस तपकिरी लोकर मिसळली तर फिकट बदामी. रंगाचं भांडं चुलीवर चढलेलंच नाही! मला विचाराल तर या कामातली खरी कला इथे आहे, पुढच्या नक्षीइतकीच. कारण अख्ख्या शालीला पुरेल एवढी लोकर एकाच बैठकीत मिसळावी लागते. कमी पडली, तर दुसऱ्यांदा तीच छटा जुळणं कठीण. म्हणून घरातली म्हातारी प्रत्येक मूठ दिव्याजवळ नेऊन पाहते, मगच तिचा पेळू वळते. लेसची लोकर पिंजत नाहीत. ती विंचरून एकेक केस सरळ करतात.

चरख्याशी बसा. पायाखालची फळी दाबत राहा, चाक फिरू द्या. पेळूतून लोकर सोडताना पीळ बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. पीळ कमी पडला तर सूत सुटून येतं, जास्त झाला तर त्याची वेटोळी होतात. असे दोन एकेरी धागे उलट दिशेने एकत्र पिळले की दोन्ही पीळ एकमेकांना सावरतात आणि विणलेलं कापड तिरकं जात नाही.

विणायला बसायची सोय मात्र नाही. कमरेला भोकं असलेला, घोड्याच्या केसांनी भरलेला चामडी पट्टा बांधा, उजवी सुई त्यात खोचा, पाठीवर पीटची टोपली घ्या आणि चालता चालता विणा.

आपल्या मुंबईला टपाल आणणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीचा एक संस्थापक, आर्थर अँडरसन, याच शेटलंड बेटांवरचा. त्याने इथले तलम पायमोजे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले आणि शेटलंडच्या विणकामाची मागणी वाढली. विणणारीच्या हातात काय आलं? तयार शाल घेऊन दुकानात जा. व्यापारी तिच्या बदल्यात चहा आणि सुती कापड पुढे सरकवतो, नाहीतर त्याच्याच दुकानात चालणारी चिठ्ठी देतो. घरात पीठ संपलंय, म्हणून तुम्ही चहाची पुडी घेऊन दारोदार फिरता; कोणी तिच्या बदल्यात ओटचं पीठ देईल का, विचारता. इतक्या तलम कामाची ही किंमत पाहून राग यायलाच हवा.

१८७२ च्या जानेवारीत सरकारने नेमलेले आयुक्त विल्यम गथ्री शेटलंडमधल्या लर्विक गावात या व्यवहाराची चौकशी करतायत. विणणाऱ्या बायका एकेक करून साक्ष देतायत. तुम्हीही रांगेत उभं राहा. शालीचे रोख पैसे मिळाले का, असं विचारलं, तर घाबरू नका. व्यापारी समोर बसला असला तरी नाही म्हणा.