मास्टर दीनानाथ : एका गायकनटाची मिळकत



सुदामा नगरातील या शाळेत इतिहासाविषयी बोलायचे, तर आरंभ आपल्या इंदुरापासूनच करावा. २८ सप्टेंबर १९२९ रोजी येथील शीख मोहल्ल्यात लता मंगेशकरांचा जन्म झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र तो स्वर ज्यांच्या घरी घडला, त्या मास्टर दीनानाथांचे स्मरण क्वचितच करतो.

२९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेले दीनानाथ कोवळ्या वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील लतिका त्यांनी रंगविली, कन्येचे नाव त्यावरूनच आले. वीर वामनराव जोश्यांचे ‘रणदुंदुभि’ आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या नाटकांतून त्यांच्या तेजस्वी गायनाला स्वातंत्र्याकांक्षेची धार चढली.

जर्मन ऑपेरातील टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुषगायक, ध्वनिक्षेपकावाचून भरल्या वाद्यवृंदावर आपला आवाज चढवितो. दीनानाथांची उंच पट्टी आणि विजेसारखी तानही अशीच नाट्यगृह व्यापीत असे. परंतु त्या टेनरच्या पाठीशी बहुधा दरबाराचे अथवा नगराचे नाट्यगृह उभे असे. मराठी गायकनटाने मात्र बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरावे, रात्री गावे आणि सकाळी मंडळीच्या जमाखर्चाची काळजी वाहावी!

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. नाटक मंडळ्या एकामागून एक बसू लागल्या. बलवंत मंडळीही चित्रपटनिर्मितीत उतरली. पण ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) तिला तारू शकला नाही. मंडळी कर्जात बुडाली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, दीनानाथ निवर्तले. या शेवटाचा सारा दोष त्यांच्या स्वभावावर लादणे मला अन्यायाचे वाटते. एका माणसाच्या गळ्यावर संपूर्ण संस्था उभी होती. तिला दुसरा आधार नव्हता.

त्याच वर्षी, वयाच्या तेराव्या वर्षात, लताबाई संसाराचा भार उचलण्यासाठी चित्रपटात शिरल्या. ज्या बोलपटाने पित्याची मंडळी बुडविली, त्यानेच कन्येला भाकरी दिली. पित्याने मागे धन ठेवले नाही. ठेवली ती तालीम. शीख मोहल्ल्यावरून जाताना या मिळकतीचीही आठवण असू द्यावी.